लडी, पाणी आणि यंत्र

कापसाच्या सुताची एक लडी म्हणजे ८४० यार्ड. ५४ इंच घेराच्या रिळावर सुताचे ५६० फेरे झाले की ही लांबी भरते. अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतील, तितका त्या सुताचा नंबर. चाळीस नंबरच्या सुताचं दहा पौंडी बंडल, म्हणजे ४.५४ किलो सूत घेतलं तर त्यात ४०० लड्या निघतात आणि एकूण दोरा भरतो सुमारे ३०७ किलोमीटर. सोलापुरातून तो रस्त्याच्या कडेनं उलगडत नेला तर पुणे मागे टाकून लोणावळ्याच्या जवळपास पोचेल. खादीवाल्यांची गुंडीही याच मापाच्या शेजारची: चार-चार फुटांचे ६४० तार, म्हणजे साधारण ८५३ यार्ड.

रंगाऱ्याला या सगळ्या लांबीवर एकच शेड बसवायची असते. बंडलातली पहिली लडी आणि चारशेवी लडी शेजारी-शेजारी विणली गेली, तरी कापडावर पट्टा दिसता कामा नये. शिवाय रंगून वाळलेली लडी रहाटावर चढवली की दोरा न तुटता, न गुंतता सुटत आला पाहिजे. या दोन मागण्यांचं आपसात पटत नाही. रंग सारखा बसायचा तर सूत आणि पाणी दोन्ही सतत हलती हवीत. लडी गुंतू नये असं वाटत असेल तर तिला जितकं कमी छेडाल तितकं बरं. लडी रंगवण्याची जी जी यंत्रं आजवर बनली, ती या भांडणात काढलेली तडजोड आहे. प्रत्येक तडजोडीची किंमत पाण्यात मोजावी लागते. यंत्राच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेले असतात ते किलो. लिटर मात्र बहुधा विचारून घ्यावे लागतात.

लडी हवीच कशाला?

मोठ्या गिरण्यांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढला. त्या सूत लडीत रंगवतच नाहीत. भोकांच्या नळीवर सैलसर गुंडाळलेले कोन एका बंद भांड्यात उभे करतात आणि पंपानं रंगाचं पाणी आतून बाहेर, बाहेरून आत असं दाबून फिरवतात. किलोमागे आठ-दहा लिटर पाण्यात एक फेरी उरकते, नव्या यंत्रांत त्याहूनही कमी पाण्यात. रंगवलेला कोन वाळला की थेट पुढच्या कामाला तयार. लडीची वाट लांबची असते: आधी रिळावर लडी बांधा, मग रंगवा, पिळा, वाळवा आणि पुन्हा कोनावर किंवा बॉबिनवर भरा. मजुरी वाढते, वेस्टही वाढतं.

तरी लडी टिकून आहे, आणि तिच्या टिकण्याला कारणं आहेत. कोनात सूत आवळलेलं असतं, लडीत ते मोकळं लोंबतं. गरम पाण्यात त्याला फुगायला, आकसायला, पीळ सैल करायला जागा मिळते. म्हणून लडीत रंगलेलं सूत हाताला मऊ आणि भरदार लागतं. स्वेटरच्या विणकामाचं अ‍ॅक्रिलिक, गालिच्याची लोकर आणि पैठणीचं रेशीम लडीतच रंगवतात ते यासाठी. दुसरं कारण लॉटच्या आकाराचं. हातमागवाल्याला एका रंगाचं पाच किलो सूत हवं असतं, दुसऱ्याचं तीन, तिसऱ्याचं दीड. एवढ्याशा मालासाठी कोनांचं मोठं भांडं चालवणं परवडत नाही.

तिसरं कारण कायद्याचं. हातमागावर विणणाऱ्याला लडीतलं सूत लागतं आणि गिरणीला ते बनवायचा उत्साह नसतो, कारण लडीसाठी वेगळी रिळं आणि वेगळी माणसं ठेवावी लागतात. म्हणून जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली सूतगिरण्यांवर सक्ती आहे. २००३च्या अधिसूचनेनं देशांतर्गत बाजारासाठी बांधल्या जाणाऱ्या सुतातला ४० टक्के वाटा लडीत असला पाहिजे असं ठरवलं. २०१९मध्ये तो ३० टक्क्यांवर आणला गेला. हे सूत विणकराकडे जाण्याआधी कुणीतरी रंगवायचं असतं. सोलापूर, येवला, भदोही, इरोड अशा गावांतली रंगाईघरं लडी रंगवण्याच्या कामावर उभी आहेत.

दोन माणसं आणि एक हौद

यंत्राची पारख करायची तर ते कुणाची जागा घेणार आहे हे आधी पाहावं. हातानं रंगवताना लड्या गुळगुळीत काठ्यांवर ओवतात. काठ्यांची टोकं हौदाच्या दोन्ही काठांवर टेकलेली, लड्या खाली रंगात बुडालेल्या. हौदाच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी राहतात. ती एकेक काठी उचलतात, लडी थोडी पुढे सरकवतात म्हणजे काठीवर बसलेला भाग पाण्यात जातो, आणि काठी पुन्हा जागेवर ठेवतात. हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, तासन्‌तास.

ही पद्धत मागास म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. कसलेल्या रंगाऱ्याचा हात लडी ओढत नाही, फक्त सरकवतो. शेड किंचित पिवळट वाटली तर तो तिथल्या तिथे चिमूटभर निळा देतो. तोटा एवढाच की लड्या बुडायच्या आणि मोकळ्या फिरायच्या तर पाणी भरपूर लागतं: किलोभर सुताला वीस ते तीस लिटर. या आकड्याला रंगाईघरात ‘लिकर रेशो’ म्हणतात आणि तो १:२०, १:३० असा सांगतात. शिवाय दोन पाळ्यांतली माणसं सारख्या वेगानं काठ्या फिरवत नाहीत. सकाळी रंगवलेला मरून आणि संध्याकाळचा मरून वेगळा निघतो.

काही रंगांना हौदच मानवतो. १९०१मध्ये बीएएसएफमधल्या रेने बोन यांनी इंडान्थ्रीन निळा शोधला आणि त्यातून पक्क्या वॅट रंगांची मोठी मालिका उभी राहिली. हे रंग कॉस्टिक आणि हायड्रोसल्फाइट घालून विरघळवावे लागतात आणि सूत रंग पीत असताना त्यांना हवा लागू द्यायची नसते. लडीचा वरचा भाग काठीवर उघडा राहिला तर तिथे रंग आधीच पिकतो आणि डाग धरतो. जुन्या रंगाऱ्यांनी यावर उपाय काढला तो वाकवलेल्या सळयांचा. सळईची टोकं हौदाच्या काठावर आणि मधला भाग पाण्याखाली, म्हणजे अख्खी लडी बुडालेली. वॅट रंगांचंच काम जास्त असणाऱ्या घरानं हवेतून फवारा मारणारं यंत्र घेतलं, तर हायड्रोसल्फाइट हवेतच वाया जातं आणि खर्च फुगतो. यंत्र पाहायला जाण्याआधी वर्षभरात कोणत्या जातीचे रंग किती वापरले, याचा हिशेब काढून ठेवावा तो याचसाठी.

फवारा आणि पेटी

बाजारात प्रामुख्यानं दोन घराणी भेटतात.

पहिलं घराणं हातांच्या यंत्राचं, म्हणजे आर्म मशीनचं. टाकीच्या वर ओळीनं आडव्या पोकळ नळ्या बसवलेल्या असतात. याच नळ्या यंत्राचे हात. प्रत्येक हाताला भोकं असतात. लड्या हातावर टांगायच्या आणि पंप सुरू करायचा. रंगाचं पाणी हातांतून बाहेर पडतं, लडीच्या अंगावरून ओघळतं, खालच्या टाकीत जमतं आणि पुन्हा पंपात जातं. ठरावीक वेळानं फिरवण्याची यंत्रणा चालते आणि लडी थोडी पुढे सरकते. हौदावरच्या दोन माणसांचं काम ती करते, पण दर वेळी तेवढीच सरकवते. लडी पाण्यात बुडवायची नसल्यानं पाणी कमी लागतं; चांगल्या यंत्रात १:१० ते १:१५. सुती, व्हिस्कोज आणि रेशमी लडीला हे यंत्र मानवतं. पाण्याचा मारा सौम्य असतो आणि लडी आपल्याच वजनानं सरळ लोंबत राहते.

दुसरं घराणं पेटीचं. त्याचं जुनं नाव हुसाँग, आणि आजही जाणकार त्याच नावानं ओळखतात. एका चौकोनी पेटीत लड्या काठ्यांवर टांगून, झाकण लावून पूर्ण बुडवतात. पेटीच्या एका अंगाला असलेला पंखा सगळं पाणी खालून वर आणि मग दिशा बदलून वरून खाली ढकलतो. लड्या जागच्या जागी राहतात, पाणी फिरतं. लोकर आणि अ‍ॅक्रिलिक या यंत्रात रंगवतात, कारण लोकरीला गरम पाण्यात घुसळलं की तिचे तंतू एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो. पेटीत पाणी मात्र जास्त लागतं, १:१५पासून १:२५पर्यंत. आणि भरणी सारखी हवी. कुठे लड्या दाट, कुठे विरळ झाल्या की पाणी विरळ जागेतून निसटतं आणि दाट भागातला रंग फिका राहतो. अर्धी पेटी भरून काम उरकायची सवय असलेल्या घराला ही पेटी रोज धडा शिकवते.

दोन्ही घराण्यांची एक मर्यादा सारखी आहे. ही यंत्रं उघडी किंवा साध्या झाकणाची असल्यानं पाणी उकळीच्या पुढे जात नाही. पॉलिएस्टरला मात्र साधारण १३० अंश तापमान लागतं, म्हणजे दाब सोसणारं बंद भांडं. पॉलिएस्टरचं काम येणार असेल तर त्याचं यंत्र वेगळं.

सूत काय म्हणतं

येवल्याच्या पैठणीचं रेशीम बहुतांशी कर्नाटकातून येतं. कच्च्या मलबेरी रेशमाच्या वजनात पाचवा ते चौथा हिस्सा सेरिसिन नावाच्या डिंकाचा असतो. तो साबणाच्या गरम पाण्यात काढून टाकल्याशिवाय रेशमाला ना झळाळी येते ना रंग नीट चढतो. डिंक निघालेलं रेशीम नाजूक होतं. हाताच्या नळीवर एखादी बारीक चीर, वेल्डिंगची उभी राहिलेली कड किंवा भोकाची धारदार किनार असेल तर तंतू तिथेच उसवतो. म्हणून रेशमासाठी यंत्र पाहताना माहितीपत्रकाच्या आधी नळ्या तपासाव्यात. जुनी युक्ती सोपी आहे: रेशमाचा मोकळा झुबका नळीवरून टोकापर्यंत फिरवायचा; कुठे अडकला की तिथे खडू लावायचा. पैठणीच्या रंगांचे लॉट लहान असतात, तेव्हा पाच-दहा किलोचं छोटं यंत्र तिथे शंभर किलोच्या यंत्राहून जास्त राबतं.

उत्तर प्रदेशात भदोही-मिर्झापूरच्या गालिचा पट्ट्यात सगळं उलटं. तिथे लोकर जाड आणि लॉट मोठे. एका गालिच्याच्या जमिनीचा रंग एकाच लॉटमधून निघाला पाहिजे, नाहीतर विणून झाल्यावर मधोमध पट्टा उमटतो आणि त्यावर इलाज नसतो. तिथली मागणी मोठ्या पेटीची असते. एकाच भरणीत काम होत नसेल तर दोन पेट्यांचं पाणी एकत्र फिरवता येतं का, हे विचारून घेतात.

अ‍ॅक्रिलिकचं दुखणं तापमानाचं. साधारण ८० ते ८५ अंशांपर्यंत हे सूत रंगाला दाद देत नाही, आणि मग एकाएकी पिऊ लागतं. त्या टप्प्यात पाणी भराभर तापवलं तर पेटीत जिथे पाणी आधी पोचतं तिथे गडद आणि बाकीकडे फिकं. मिनिटाला एक अंश किंवा त्याहून हळू तापवणारा नियंत्रक इथे चैनीची गोष्ट राहत नाही. हाय-बल्क जातीचं सूत गरम होताच चांगलंच आकसतं. काठ्यांमधलं अंतर कमी-जास्त करता येत नसेल तर लडी ताणली जाते आणि जो फुगवटा मिळवण्यासाठी लडी पसंत केली तोच जातो.

सोलापूरच्या चादरी-टॉवेलांचं सूत कापसाचं. सुती मालावर आज राज्य आहे ते रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचं, जे १९५६मध्ये आयसीआय कंपनीनं प्रोसियॉन नावानं बाजारात आणले. हे रंग सुताशी रासायनिक बंध जोडतात, म्हणून धुण्यात टिकतात. पण त्यांना पाण्यातून सुताकडे वळवायला मीठ लागतं, भरपूर मीठ. आणि ते किलोवर मोजत नाहीत, लिटरवर मोजतात. यंत्राच्या निवडीचा पैसा इथेच ठरतो.

मिठाचा हिशेब

समजा, ५० किलो सुती लड्या गडद रंगात रंगवायच्या आहेत आणि लिटरमागे ६० ग्रॅम मीठ घालायचं आहे. १:२०च्या हौदात हजार लिटर पाणी आणि ६० किलो मीठ. १:१०च्या यंत्रात पाचशे लिटर आणि ३० किलो. रंग सुतावर पक्का करायला लागणारा सोडाही त्याच मापानं निम्मा. रिअ‍ॅक्टिव्ह रंग कमी पाण्यात सुतावर जास्त चढतो, म्हणून रंगाचीही थोडी बचत होते.

रंगवून झालं की धुणं सुरू. थंड पाणी, आम्ल, साबणाची उकळी, पुन्हा गरम, पुन्हा थंड. रंगाचं पाणी धरून सात वेळा टाकी भरली असं मानलं तर १:२०ला किलोमागे १४० लिटर लागतात, १:१०ला ७०. पन्नास किलोच्या एका लॉटमागे सात हजार आणि साडेतीन हजार. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात हा फरक दर लॉटला अर्ध्या टँकरपर्यंत जातो.

आता जळण. हजार लिटर पाणी ३० अंशांवरून ८०वर न्यायला ५० हजार किलोकॅलरी लागतात. सुक्या लाकडातून किलोमागे साडेतीन हजारांच्या आसपास मिळतात, म्हणजे कागदावर चौदा-पंधरा किलो लाकूड पुरतं. पण उघड्या चुलीवर त्यातली पंधरा-वीस टक्केच उष्णता पाण्यात जाते आणि प्रत्यक्षात ७० ते ९५ किलो लाकूड जळतं. पाणी निम्मं झालं की हेही निम्मं. बॉयलर असेल तर जळण आणखी कमी लागतं, पण वाफ कशी द्यायची हे पाहावं लागतं. वाफेची नळी थेट पाण्यात सोडली तर तीच वाफ पाणी होऊन टाकीत मिसळते. वरच्या उदाहरणात ऐंशी-नव्वद लिटरची भर पडते आणि मोजूनमापून घातलेलं मीठ पातळ होतं. बंद कॉइलमधून वाफ फिरवणारं यंत्र महाग पडतं, पण त्यात पाणी वाढत नाही आणि कॉइलमधून परतलेलं गरम पाणी बॉयलरला पुन्हा वापरता येतं.

सगळ्यात अवघड हिशेब गटाराचा आहे. लिटरमागे ६० ग्रॅम मीठ म्हणजे ६० हजार मिलिग्रॅम. जमिनीवरच्या जलाशयांत सोडायच्या सांडपाण्यात विरघळलेल्या क्षारांची जुनी प्रमाण मर्यादा आहे लिटरला २१०० मिलिग्रॅम. सातही पाणी एकत्र केली तरी साडेआठ हजारांच्या वरच राहतं. तामिळनाडूत तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदीचं काय केलं, यावरून मद्रास उच्च न्यायालयानं जानेवारी २०११मध्ये तिथले कारखाने बंद करायला लावले. पुढे ज्यांनी दारं उघडली त्यांना एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट पाळून, पाणी गाळून आणि आटवून मीठ परत मिळवावं लागलं. क्षार काढायचा खर्च यंत्राच्या खर्चाहून वरचढ ठरू शकतो. त्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीसाठी अर्ज करायच्या आधीच लिकर रेशो ठरलेला बरा. प्रक्रिया संयंत्र केवढं बांधायचं हे त्यावर अवलंबून असतं.

पोलाद, पंप आणि पाणी

‘स्टेनलेस’ म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. पण ३०४ आणि ३१६ या दोन जातींत मोठं अंतर आहे. ३१६मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि गरम खाऱ्या पाण्याचा मारा ते जास्त सोसतं. साधं मीठ वापरणाऱ्या घरात ३०४च्या टाकीला वेल्डिंगच्या बाजूनं टाचणीएवढे खड्डे पडू लागतात. त्या खड्ड्यांत गडद रंग दडून बसतो आणि पुढच्या फिक्या लॉटवर उतरतो. शिवाय लडीचे तंतू त्यांत अडकतात. दरपत्रकात ‘एसएस’ एवढंच लिहिलेलं असेल तर जात लिहून मागावी, आणि पंप, व्हॉल्व्ह, नळ्या सगळ्यांची मागावी. टाकी ३१६ची आणि पंपाचा आतला भाग बिडाचा, असे जोड सर्रास दिसतात. लोखंड सुटलं की लाल आणि पिवळे रंग मळतात.

पंपाबाबत दोन प्रश्न पुरेत: मिनिटाला किती लिटर, आणि दिशा कशी बदलते? टाकीतलं सगळं पाणी एक-दोन मिनिटांत लड्यांमधून एकदा फिरलं तर रंग सारखा बसायला मदत होते. पण पंप ताकदवान म्हणून लडीचं भलं होत नाही; फवारा जोराचा झाला की लडी हातावर नाचते आणि गुंतते. म्हणून प्रवाह कमी-जास्त करणारा ड्राइव्ह उपयोगी पडतो. आधी मंद, लडी भिजून बसली की वाढवायचा.

दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सोड्याशी मिळून पांढरा साका धरतात. तो लडीवर बसला की शेड खडूसारखी दिसते आणि हातांची भोकं बुजतात. मृदुकरण संयंत्राचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. रंगाई बिघडली की दोष आधी यंत्राला आणि मग रंगाला दिला जातो. पाण्याची चाचणी पुष्कळदा सर्वांत शेवटी होते.

यंत्राच्या अलीकडे आणि पलीकडे

महागडं यंत्र आणलं आणि लड्या जुन्याच पद्धतीनं बांधलेल्या आल्या, तर फारसं काही बदलत नाही. हातांमधलं आणि काठ्यांमधलं अंतर एका ठरावीक घेरासाठी आखलेलं असतं. ५४ इंची लड्यांत काही ५२च्या, काही ५६च्या मिसळल्या की आखूड लडी ताणली जाते, लांब लडी सैल लोंबते आणि शेजारणीत गुंतते. लडीतल्या फेऱ्यांच्या जुड्या बांधणारा दोरा घट्ट असला तर त्याखाली पांढरा पट्टा उरतो, अगदी ढिला असला तर फेरे विस्कटतात. तिरप्या फेऱ्यांची लडी सरळ फेऱ्यांच्या लडीपेक्षा पाण्यात कमी विस्कटते. या गोष्टी सूत पुरवणाऱ्याशी ठरवायच्या असतात, यंत्रवाल्याशी नाही.

पलीकडच्या बाजूला हायड्रो, म्हणजे पाणी काढणारं गरगरतं भांडं. टाकीतून काढलेली सुती लडी आपल्या वजनाच्या दुपटीनं-तिपटीनं पाणी धरून असते. हायड्रोतून निघाली की ते निम्म्या-साठ टक्क्यांवर येतं. हातानं पिळलेल्या लडीत वजनाइतकंच पाणी उरलं असं धरलं, तरी ५० किलोमागे सुकवायचं पाणी ५० किलो आणि हायड्रोनंतर ३० किलो. एक किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी खर्च होतात, म्हणून जे पाणी फिरवून निघतं ते जळण घालून काढण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात बांबूवर वाळवणं फुकट, पण पावसाळ्यात ओल्या लड्यांचा ढीग साचतो आणि दोन-तीन महिने नवं यंत्र अर्ध्या क्षमतेवर चालतं. २७.१२ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारे ड्रायर लडी आतून-बाहेरून सारखी सुकवतात. त्यांचं वीजबिल मोठ्या आणि सलग कामालाच पेलतं.

शंभर किलोचं रंगाई यंत्र आणि पंचवीस किलोचा हायड्रो अशी जोडी लावली तर चार फेऱ्या होईपर्यंत ओल्या लड्या टोपल्यांत पडून राहतात आणि खालच्या थरात पाणी उतरून डाग पडतात. रोज दीडशे किलोचं काम असलेल्या घरानं शंभर किलोचं एकच यंत्र घेण्यापेक्षा ५०, २५ आणि १० किलोची तीन घेणं बहुधा शहाणपणाचं असतं. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा एक लॉट धुण्यासकट सहा ते आठ तास खातो, म्हणून एका पाळीत एका यंत्रातून एकच रंग निघतो. मोठ्या यंत्रात थोडा माल घालता येत नाही असं नाही, पण पंप चालायला टाकीत ठरावीक पातळीचं पाणी लागतंच. शंभर किलोच्या १:१०च्या यंत्रात २५ किलो घातले आणि पाणी हजार लिटरच ठेवावं लागलं, तर रेशो झाला १:४०. दोन माणसं आणि हौद त्यापेक्षा स्वस्त.

पैसे देण्याआधी

यंत्र मांडून झालं की चाचणीचा लॉट स्वतःच्या सुतावर, स्वतःच्या पाण्यात आणि स्वतःच्या अवघड रंगात घ्यावा. गडद काळा किंवा नेव्ही बहुतेक यंत्रांवर साधतो. मध्यम राखाडी, खाकी, फिका जांभळा या तीन-तीन रंगांच्या मिश्रणातल्या शेड यंत्राची खरी परीक्षा घेतात. भरतानाच काही लड्यांना खुणेचे दोरे बांधायचे: पंपाजवळच्या हातावर, सर्वांत दूरच्या हातावर, मधल्या हातावर. वाळल्यावर प्रत्येक खुणेच्या लडीचा वरचा, मधला आणि खालचा भाग एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी गुंडाळून उन्हाच्या उजेडात पाहायचा. प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रोफोटोमीटर हाताशी असेल तर आकडा मिळतो, पण विणकर कापड उजेडातच पाहतो.

चाचणी चालू असताना मधेच वीज बंद करून पाहावी. आर्म यंत्रात पंप थांबला की लड्या हवेत लोंबत्या राहतात आणि दोन-चार मिनिटांत वरचा भाग गार पडू लागतो. हात हातानं फिरवायचा दांडा आहे का, लहान जनरेटरवर निदान पंप चालतो का, आणि वीज परतल्यावर नियंत्रक थांबल्या जागेपासून पुढे जातो की पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो, हे तेव्हाच कळतं. पाण्याचं मीटर चाचणीच्या आधी बसवून घ्यावं आणि लॉटअखेर वाचावं. १:१० सांगितलेल्या यंत्राच्या नळ्या, पंप आणि टाकीच्या तळाशी अडकलेलं पाणी धरून १:१३ निघालं तर मिठाचा आणि सांडपाण्याचा सगळा हिशेब त्या आकड्यावर पुन्हा मांडावा लागतो.

मग खुणेच्या लड्या रहाटावर चढवाव्यात. कोरं सूत भरताना किलोमागे दोरा किती वेळा तुटतो ते आधी मोजून ठेवलेलं असावं, म्हणजे रंगलेल्या सुताशी तुलना करता येते. सुताला खळ किंवा मऊपणाचं रसायन न देता ही मोजणी करावी, नाहीतर यंत्रानं केलेला गुंता रसायनाखाली झाकला जातो. बॉबिन भरणाऱ्या बाईंना मधे न बोलता काम करू द्यावं, तुटलेल्या दोऱ्यांच्या गाठी मोजाव्यात, टोपलीत पडलेलं वेस्ट तोलावं आणि हे दोन्ही आकडे शेडच्या पट्टीसोबत यंत्रवाल्याला दाखवावेत. करारात शेवटचा हप्ता या आकड्यांशी बांधलेला असला, तर दुरुस्तीचा कारागीर नळ्यांच्या कडा घासायला दुसऱ्या दिवशी हजर होतो.